मदतनीस बाई खासदारकीला उभी राहते तेव्हा

११ जानेवारी २०१९ रोजी आपल्या यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले होते. ऐनवेळी त्यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले, महाराष्ट्रभर गदारोळ उठला आणि कित्येक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. आता उद्घाटन करायचे कोणी? तेव्हा आयोजकांना कळंब तालुक्यातील राजूर गावच्या वैशाली येडे आठवल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणारी, २०११ साली शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर दोन लेकरांना घेऊन उभी राहिलेली ही बाई. शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या 'तेरवं' या नाटकात ती काम करीत होती, त्यामुळे चार माणसांसमोर बोलण्याची भीती तिला उरली नव्हती. ती मंचावर उभी राहिली आणि मागे राहिलेल्या बायकांचे जगणे तिने साध्या वऱ्हाडी माणसाच्या भाषेत सांगितले.

संमेलनाची लाज राखायला गरीब बाई उपयोगी पडली, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. दीप लावायला, सत्काराचा नारळ घ्यायला, फोटोत उभे राहायला आपल्यासारख्यांना नेहमीच बोलावणे येते. पण ही बाई शाल-नारळ घेऊन घरी बसली नाही. बरोबर तीन महिन्यांनी, ११ एप्रिल २०१९ रोजी, यवतमाळ-वाशिम मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले तेव्हा तिचे नाव मतदान यंत्रावर होते. बच्चू कडू यांच्या प्रहार जनशक्ती पक्षाने तिला उमेदवारी दिली होती. वय जेमतेम २८ वर्षे. खर्चासाठी लोकवर्गणी.

समोर कोण होते, तेही पाहा. शिवसेनेच्या भावना गवळी १९९९ पासून सलग लोकसभेत. आधी वाशिममधून, मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ पासून यवतमाळ-वाशिममधून. त्यांचे वडील पुंडलिकराव गवळी हेही १९९६ साली वाशिमचे खासदार होते. काँग्रेसकडून माणिकराव ठाकरे, प्रदेशाध्यक्षपद भूषविलेले. वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार होता, भाजपमधला बंडखोरही होता. त्या गर्दीत ही मदतनीस बाई.

वाचक माता-भगिनींनो, या लढतीतला पैशाचा हिशेब आधी मांडू द्या. मी बी.कॉम. झालेला कारकून, मला आधी आकडे दिसतात. लोकसभेला उभे राहायचे तर अनामत रक्कम, म्हणजे आपले 'डिपॉझिट', २५ हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे, साडेबारा हजार. १९९६ पूर्वी हीच रक्कम ५०० आणि २५० रुपये होती. १९९६ ला ती १० हजार झाली आणि २०१० पासून २५ हजार. आता अंगणवाडी मदतनिसाचे मानधन पाहा. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ते दरमहा १,५०० वरून २,२५० रुपये केले. राज्य आपला वाटा वेगळा टाकते, पण नुसत्या केंद्राच्या मानधनाने मोजले तर एका डिपॉझिटसाठी ११ महिने चूल बंद ठेवावी लागेल. आणि उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादा त्या वेळी ७० लाख रुपये होती! २०२२ पासून ती ९५ लाख झाली. ज्याच्याकडे आहे त्याला ही मर्यादा. ज्याच्याकडे नाही त्याने त्या आकड्याकडे बघून पाणी प्यावे.

मतदारसंघही केवढा! वाशिम, कारंजा, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, पुसद अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा. सुमारे १९ लाख मतदार. राळेगावकडच्या माणसाला वाशिम गाठायला अख्खा दिवस मोडावा लागतो. आपल्याच जिल्ह्यातले वणी आणि आर्णी चंद्रपूर मतदारसंघात, उमरखेड हिंगोलीत. म्हणजे ज्या गावांत ओळख असेल ती गावे कदाचित आपल्या मतदारसंघातच नसायची. ज्याच्या ताब्यात गाड्यांचा ताफा आणि गावोगावचे कार्यकर्ते आहेत त्याला हे अंतर जाणवत नाही. एसटीने फिरणाऱ्याला जाणवते.

२३ मे २०१९ ला निकाल लागला. भावना गवळी यांना ५ लाख ४२ हजारांवर मते; माणिकराव ठाकरे सुमारे १ लाख १८ हजारांनी मागे. वंचितच्या उमेदवाराने ९० हजारांचा टप्पा ओलांडला. वैशाली येडे यांना २० हजारांवर मते मिळाली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त होते. इथे ती मर्यादा दोन लाखांच्या घरात होती. पहिले दोघे सोडून सगळ्यांचे डिपॉझिट गेले.

"पाहा, लोकांनी तिला नाकारले," असे आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी बोलले गेले. लोकांनी नाकारले हे मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगायला मला थेट अमेरिकेत जावे लागेल.

त्याच्या आदल्याच वर्षी, २६ जून २०१८ ला, न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स आणि क्वीन्स या कष्टकऱ्यांच्या भागात अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ नावाच्या मुलीने तिच्याच पक्षाच्या बसल्या खासदाराला हरवले. वय तिचेही २८. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती दारूच्या गुत्त्यात पेले भरून देण्याचे आणि हॉटेलात वाढण्याचे काम करीत होती. समोर जो क्राउली, तिकडच्या संसदेत १९९९ पासून. पक्षाच्या वरच्या चार नेत्यांतले एक. २००४ नंतर त्यांच्यासमोर पक्षातून कोणी उभेही राहिले नव्हते. १९९९ हा आकडा वाचून तुम्हाला आमच्या गवळीताई आठवल्या असतील, मलाही आठवल्या.

तिकडे ही लढत होते कशी? त्यांच्याकडे पक्षाचे तिकीट दिल्ली-मुंबईसारख्या ठिकाणी बसलेला नेता वाटत नाही. मुख्य निवडणुकीच्या आधी पक्षाची प्राथमिक निवडणूक सरकारी यंत्रणेमार्फत होते. त्या पक्षाचा म्हणून ज्याने नाव नोंदवले आहे तो साधा मतदार, भांडी घासणारा असो की टॅक्सी चालवणारा, तिथे मत देऊन ठरवतो की आपला उमेदवार कोण. बसला खासदार असला तरी त्याला तिकीट पुन्हा लोकांकडून मागावे लागते. आता नीट ऐका. त्या मुलीला त्या दिवशी मिळालेली मते १७ हजारांच्या आत होती. तेवढ्यावर ती तिकीट घेऊन गेली, आणि तो भाग त्या पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे नोव्हेंबरात खासदारही झाली. वैशाली येडे यांना त्याहून जास्त मते पडली आणि त्यांचे डिपॉझिट जप्त झाले!

दोघींच्या मतांची बरोबरी होत नाही हे मला कळते. तिकडची लढत एका पक्षापुरती, लहान; इकडची १९ लाख मतदारांची. पण मुद्दा तोच आहे. तिकडे कष्टकरी माणसाला शिरायला एक लहान दार आहे, जिथे काही हजार मतांत निकाल लागतो. आपल्याकडे ते दार नाही. तिकिटाच्या वेळी मतदाराला कोणी विचारत नाही आणि मतदानाच्या दिवशी त्याच्यासमोर वरून ठरलेली नावे येतात. मग गरीब उमेदवाराला सरळ महासागरात उडी घ्यावी लागते.

असे दार उघडण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारी झाला होता. २०१४ साली राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशात काही मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने निवडला. महाराष्ट्रात त्यात वर्धा आणि लातूर होते. पण मत कोणाला? तुमच्या-आमच्यासारख्या मतदाराला नव्हे, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींना. वर्ध्यात लढत लागली ती सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. एक तेव्हाच्या खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव, दुसऱ्या माजी खासदार प्रभा राव यांच्या कन्या. मेघे जिंकले, पुढे लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. लातूरचा उमेदवारही पडला. तो प्रयोग तिथेच संपला. मतपेटी आणली, पण चावी जुन्याच घरात ठेवली, तर दुसरे काय होणार?

आणि ज्यांच्याकडे तिकीट होते त्यांचे तरी काय झाले? २०२४ मध्ये पाच वेळच्या खासदार भावना गवळी यांनाच शिंदे गटाच्या शिवसेनेने तिकीट नाकारले. शेजारच्या हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना ते मिळाले आणि उद्धव ठाकरे गटाचे संजय देशमुख ९० हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. गवळी यांच्या कारभाराबद्दल कोणाचे काही मत असो, पण २५ वर्षांच्या खासदाराला बदलायचे की ठेवायचे हे त्यांच्या पक्षाच्या मतदाराने ठरवले का? दारव्ह्याच्या, मानोऱ्याच्या शिवसैनिकाला कोणी विचारले का? त्यांच्या वेळी विचारले नाही, त्यांना काढतानाही विचारले नाही.

आता थोडे कडू बोलतो. आपल्या निळ्या झेंड्याखालच्या पक्षांत तरी तिकीट वस्तीला विचारून ठरते का? १९९८ साली रिपब्लिकन गट एका ठिकाणी आले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. पुढच्याच वर्षी फाटाफूट झाली. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत यादी वरून येते आणि वस्तीतला कार्यकर्ता रात्रभर जागून भिंती रंगवतो. २०१९ लाही आपल्या बहुतेक वस्त्यांचा कल वंचितकडे होता. अंगणवाडीतल्या त्या बाईकडे फारसे कोणी वळले नाही. त्यात मला चूक दिसत नाही, ज्याचा झेंडा त्याची निष्ठा. पण ती बाई आणि आपली वस्ती यांचे प्रश्न वेगळे होते काय? रेशन, मानधन, कर्ज, लेकरांची शाळा, सगळे तेच. मते मात्र वेगवेगळ्या खोक्यांत पडली.

बाबासाहेबांचा अनुभवही इथे आठवतो. घटना लिहिणारा माणूस १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरला, आणि १९५४ ला आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरला. माणूस केवढा मोठा आहे यावर निवडणूक ठरत नाही. त्याच्यामागे गावोगाव कोणती यंत्रणा आहे यावर ठरते.

म्हणून मला वैशालीताईंच्या गोष्टीसोबत डहाणूची गोष्ट सांगावीशी वाटते. पालघर जिल्ह्यातील या आदिवासी मतदारसंघात २०१९ च्या विधानसभेला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी भाजपचे आमदार पास्कल धनारे यांना सुमारे ४,७०० मतांनी हरवले. निकोले पूर्वी वडापावची गाडी लावत. निवडून आलेल्या आमदारांत सर्वांत गरिबांपैकी एक. २०२४ ला ते पुन्हा निवडून आले. तिथे हे का जमले? निकोले निवडणुकीच्या तोंडावर एकाएकी उगवले नव्हते. अनेक वर्षे पूर्णवेळ कार्यकर्ते होते. आणि त्या भागात १९४५ च्या वारली उठावापासून, गोदावरी परुळेकरांच्या काळापासून, लाल बावट्याची पाड्यापाड्यावर शाखा आहे. तिकीट देणारेही तेच, पत्रके वाटणारेही तेच, मत देणारेही तेच. विजयाचे अंतर मोठे नाही, पण पाडा जागा आहे.

राजूरच्या बाईमागे हे नव्हते. एक धाडस होते, काही महिन्यांची प्रसिद्धी होती, लोकवर्गणी होती. आपल्या जिल्ह्यात याआधीही असे झाले आहे. मारेगाव तालुक्यातील जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचे नाव २००८ साली राहुल गांधींनी लोकसभेत घेतले आणि देशभर झाले. पुढच्याच वर्षी वणीतून विधानसभेला त्या उभ्या राहणार असे जाहीर झाले, मग त्यांनी माघार घेतली. गरीब बाईचे नाव भाषणात चालते, मतपत्रिकेवर यायला लागले की सगळ्यांची पंचाईत होते. वैशालीताईंनी माघार घेतली नाही, शेवटपर्यंत लढल्या, एवढे तरी त्यांच्या नावावर लिहून ठेवले पाहिजे.

ज्या घरात कोणाला पुढेमागे उभे राहायचे असेल, त्यांच्यासाठी कारकुनी कामाच्या दोन गोष्टी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि लहान पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. हे दहा सूचक शेवटच्या दिवशी धावपळ करून गोळा करू नयेत, कारण एखाद्याचे नाव यादीत दुसऱ्याच भागात निघते आणि छाननीत अर्ज जातो. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. लोकवर्गणी आली की पावती फाडा, रोज संध्याकाळी वहीत टिपा, चहा-बिस्किटाचा खर्चसुद्धा. निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशेब सादर करावा लागतो, पडलेल्या उमेदवारालासुद्धा. तो दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षे उभे राहायला बंदी घालू शकतो. आपले कितीतरी हौशी उमेदवार पडल्यावर वही फेकून देतात आणि पुढच्या निवडणुकीला त्यांना आपले नाव अपात्रांच्या यादीत सापडते.