मस्तिष्क व कवटी-तल शस्त्रक्रियेचे प्रगत प्रशिक्षण
मेंदू ज्या अस्थिमय तळावर टेकलेला असतो, त्यास कवटी-तल म्हणतात. तेथील अर्बुदे (गाठी), रक्तवाहिन्यांचे विकार व जन्मजात दोष यांवरील शस्त्रक्रिया अत्यंत अवघड असतात. तंत्रिका-शस्त्रक्रियेची पदवी मिळविल्यानंतर या शाखेतील तज्ञाच्या हाताखाली सामान्यतः एक ते दोन वर्षे पूर्णवेळ काम करून हे कौशल्य मिळविले जाते. यास अधिछात्रवृत्ती प्रशिक्षण म्हणतात. भारतात एम्‌.एस्‌. नंतर तीन वर्षांचा एम्‌.सीएच्‌. अभ्यासक्रम पूर्ण केलेले शस्त्रक्रिया विशारद असे प्रशिक्षण घेतात.

आवश्यकता : मेंदूस रक्त पुरविणाऱ्या मोठ्या रोहिण्या व मस्तिष्क तंत्रिकांच्या बारा जोड्या कवटी-तलातील छिद्रांतून जातात. गाठ बहुधा त्यांना चिकटलेली किंवा वेढून असते. मेंदू ओढून बाजूला करण्याऐवजी तळाचे हाड कोरून वाट काढणे, हे या शस्त्रक्रियेचे मूलतत्त्व होय. कोरताना झालेल्या अल्पशा चुकीनेही अंधत्व, बहिरेपणा, चेहऱ्याचा पक्षाघात किंवा गिळण्यातील अडचण उद्‌भवू शकते.

इतिहास : हे ज्ञान मुख्यतः गुरूकडून शिष्याकडे प्रत्यक्ष कामातून गेले आहे. हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) येथे नाकावाटे पोष ग्रंथीचे अर्बुद काढले. अमेरिकेतील हार्वी कुशिंग यांनी ही पद्धत सुधारली; परंतु पुढे ते स्वतः कवटी उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेकडे वळले व नाकावाटेची पद्धत मागे पडली. कुशिंग यांच्याकडे १९२३-२४ मध्ये अधिछात्रवृत्तीवर काम केलेल्या नॉर्मन डॉट यांनी ती एडिंबरोत चालू ठेवली. डॉट यांच्याकडून ती फ्रान्सचे झेरार गीओ यांनी व गीओ यांच्याकडून माँट्रिऑलचे झ्यूल हार्डी यांनी आत्मसात केली. गीओ यांनी तिला क्ष-किरण चित्रणाची, तर हार्डी यांनी १९६० नंतरच्या दशकात शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. त्यानंतर तिचा जगभर प्रसार झाला.

प्रशिक्षणाचे स्वरूप : प्रशिक्षणाचा पाया शवविच्छेदन हा होय. अमेरिकेतील गेन्झव्हिल येथे ॲल्बर्ट रोटन (१९३२–२०१६) यांनी सूक्ष्मदर्शकाखालील शारीराचा पद्धतशीर अभ्यास करून अनेक देशांतील विशारदांना शिकविले. रोहिण्या व नीला यांत निरनिराळ्या रंगांचे सिलिकोन भरलेल्या नमुन्यांवर हाड कोरण्याचा सराव करतात. शस्त्रक्रियागृहात प्रशिक्षणार्थी प्रथम साहाय्य करतो; नंतर वाट उघडणे व बंद करणे आणि शेवटी गाठ काढणे, असे टप्पे तज्ञाच्या देखरेखीखाली त्याच्याकडे सोपविले जातात. एंडोस्कोपने (प्रकाश व भिंगयुक्त नळीने) नाकावाटे करावयाची शस्त्रक्रिया कान-नाक-घसा तज्ञासमवेत शिकावी लागते. मस्तिष्क-मेरुद्रव नाकातून गळू लागल्यास मस्तिष्कावरणशोथाचा धोका असतो. म्हणून छिद्र बुजविण्याचे तंत्रही महत्त्वाचे असते. २००६ मध्ये अर्जेंटिनातील विशारदांच्या सहभागाने वर्णिलेल्या, नाकाच्या पडद्यावरील रक्तपुरवठायुक्त अस्तराच्या पट्टीमुळे ही गळती बरीच घटली.

हस्तकौशल्याइतकाच निर्णयही शिकावा लागतो. तंत्रिकेला घट्ट चिकटलेला सौम्य गाठीचा अंश तसाच ठेवून पुढे त्याचे निरीक्षण करणे किंवा त्यावर प्रारण चिकित्सा करणे, हे पुष्कळदा रुग्णाच्या हिताचे असते. संगणकीय प्रतिकृती व त्रिमितीय नमुने यांचा सरावासाठी वाढता उपयोग होत आहे. तथापि गाठ कोठपर्यंत काढावी व कोठे थांबावे, हे अनेक रुग्णांच्या शस्त्रक्रियांत सहभागी होऊन व नंतरची त्यांची प्रकृती पाहूनच समजते.