नेचा हवेवर जगतो

कोलकात्यात हुगळीच्या पूर्व काठावर गार्डन रीच वसले आहे. ‘रीच’ म्हणजे नदीचा सरळ वाहणारा पट्टा. कंपनीच्या काळात इथे युरोपीय धनिकांचे बागबंगले होते, त्यावरून हे नाव रूढ झाले. समोरच्या काठावर शिबपूरचे वनस्पती उद्यान आहे. रॉबर्ट किड यांनी 1787 मध्ये स्थापन केलेले हे उद्यान आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालयही गार्डन रीचमध्येच आहे. पूर्वी हा कारभार बंगाल नागपूर रेल्वेचा होता, म्हणजे या रुळांचे दुसरे टोक आपल्या नागपुरात. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत जेमतेम दीड अंशाचा फरक. तरीही कोलकात्यातल्या जुन्या इमारतींच्या चुन्याच्या भिंतींवर, विटांच्या फटींत, ‘टेरिस’ जातीचा नेचा कोणी न लावता, कोणी पाणी न घालता वाढतो. आणि नागपुरात हौसेने आणलेला फर्न मे महिन्यात कुंडीतच करपतो. भिंतीवरच्या नेच्याला ना माती मिळते, ना खत, ना माळी. त्याला मिळते ती हुगळीकाठची दमट हवा. घरात नेचा जगवण्याचे इंगित इथेच आहे: त्याला पाणी किती घालायचे हा प्रश्न दुसरा, भोवतालची हवा किती ओली, हा पहिला.

या म्हणण्याला जुना आणि भक्कम पुरावा आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या बागेतले नेचे शहराच्या धुराने मरत असत. 1829 च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून गवताबरोबर एक नेचा उगवला आणि वरून थेंबभर पाणी न घालता तगला. मातीतून उडालेली वाफ काचेवर साचत होती आणि पुन्हा मातीत उतरत होती. वॉर्ड यांनी यावरून काचेच्या बंद पेट्या तयार केल्या आणि 1833 मध्ये नेचे व गवते भरून त्या जहाजाने सिडनीला पाठवल्या. कित्येक महिन्यांच्या त्या प्रवासात झाडे जिवंत राहिली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे अशाच पेट्यांतून आणली आणि 1851 मध्ये ती कोलकात्याच्या याच वनस्पती उद्यानात पोहोचली. चहाच्या इतिहासातली ही मोठी घटना. पण तिच्या मुळाशी नेच्याने शिकवलेला धडा आहे. हवेतला ओलावा राखला, तर वरून पाणी घालण्याची गरज फारच थोडी उरते.

असे का, हे नेच्याच्या घडणीतून कळते. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानांच्या मागे तपकिरी ठिपक्यांत बीजाणू तयार होतात. (हे ठिपके कीड समजून अनेक जण पान खुडतात. ओळीने, सारख्या अंतरावर असलेले ठिपके म्हणजे निरोगी झाडाची खूण.) बीजाणूतून नखाएवढे, हृदयाच्या आकाराचे पातळ रोप उगवते, आणि त्यावरचे नरबीज पाण्याच्या पापुद्र्यातून पोहतच मादीबीजापर्यंत पोहोचते. ज्या वनस्पतीची पिढी पुढे सरकण्यालाच ओल लागते, ती ओलाव्याच्या ठिकाणी रमणारच. हंसराजासारख्या जातींची पाने तर इतकी पातळ असतात की कोरड्या हवेत मुळे पुरवतील त्याहून अधिक पाणी ती गमावतात. मग पानांच्या कडा तपकिरी होतात. घरचे लोक तहान समजून पाणी वाढवतात, चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्याने पाने आणखी वाळतात. घरातले कित्येक नेचे तहानेने नव्हे, अशा मायेने मरतात.

यावर पहिला आक्षेप असा की, मग दिवसातून दोनदा पानांवर पाणी फवारले की झाले. दुर्दैवाने फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो आणि खोलीची हवा पुन्हा होती तशी होते. शिवाय ‘बर्ड्स नेस्ट’सारख्या नेच्याच्या मधल्या गाभ्यात पाणी साचले तर तो सडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सह्याद्रीत आठ महिने पाऊस नसतो, तरी तिथे नेचे आहेतच. हे खरे आहे. पण ते कसे जगतात, ते पाहावे. झाडांच्या फांद्यांवर वाढणारे बाशिंग आपल्या तपकिरी पानांच्या ओंजळीत पालापाचोळा साठवते, कोरड्या दिवसांत हिरवी पाने गाळते आणि जाड खोडाच्या बळावर पावसाची वाट पाहते. कोलकात्याच्या उद्यानाचे एके काळचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांचे नाव मिळालेला, मणिपूरकडचा ‘प्लॅटिसेरियम वॉलिची’ हाही कोरड्या ऋतूत पाने गुंडाळून घेतो. म्हणजे हवा कोरडी झाली की हे नेचे वाढ थांबवतात. आपल्याला मात्र दिवाणखान्यात बारमाही हिरवेगार झाड हवे असते. हा आक्षेप मूळ मुद्दा खोडत नाही, उलट पक्का करतो.

तेव्हा आधी आपल्या घराची हवा ओळखावी, मग जात निवडावी. मुंबई-कोकणात आणि कोलकात्यात नेफ्रोलेपिस म्हणजे बाजारातला नेहमीचा बोस्टन फर्न व्हरांड्यात सहज वाढतो. मात्र एसीच्या खोलीत तीच दमट शहरे नेच्यासाठी कोरडी होतात. पुण्यात किंवा विदर्भात नेफ्रोलेपिस, बर्ड्स नेस्ट असे दणकट नेचे घ्यावेत आणि हंसराजाची हौस काचेच्या बंद बरणीत भागवावी, तीही थेट उन्हापासून दूर. वाळ्याचा कूलर ज्या खोलीत चालतो, तिथली हवा नेच्याला मानवते. फक्त झोत अंगावर नको. चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवल्या की एकमेकींचा ओलावा त्यांना थोडाफार मिळतो. उजेड भरपूर पण उन्हाचा नसावा, उत्तरेची खिडकी उत्तम. तळाशी भोक असलेली मातीची कुंडी, कोकोपीट, पानांचे खत आणि जाड वाळू यांचे भुसभुशीत मिश्रण, आणि बोट खुपसून वरची माती कोरडी होऊ लागली की मगच पाणी. नेच्याला खत पातळ आणि क्वचितच लागते.

एवढी उठाठेव बिनफुलांच्या झाडासाठी कशाला, असेही कोणी विचारेल. पण योग्य जात योग्य हवेत ठेवली तर उठाठेव फारशी उरतच नाही. गार्डन रीचच्या काठावरच्या शहरात भिंतीवरचा नेचा हेच दाखवतो. म्हणून नर्सरीत गेल्यावर पाणी किती दिवसांनी घालायचे, एवढेच विचारून थांबू नका. आपल्या खोलीत उन्हाळ्यात ओला टॉवेल किती वेळात वाळतो, ते आधी पाहा. लगेच वाळत असेल तर नाजूक नेचा आणू नका. आणि सह्याद्रीतल्या कड्यावरून तर एकही उपटून आणू नका. तिथल्या धुक्यातला ओलावा त्याच्यासोबत पिशवीत भरून आणता येत नाही.