पलंगाखालची पदवी

शेवटच्या खोक्यातून फ्रेम केलेलं पदवीचं प्रमाणपत्र निघालं. तिचे कपडे प्रियकराच्या कपड्यांच्या शेजारी कसेबसे कोंबून झाले होते. एवढं एक भिंतीवर टांगलं की घर लागलं, म्हणून मी माउसनं फ्रेम उचलली आणि भिंतीशी नेली. बसेना. दुसऱ्या भिंतीवरही बसेना. त्याच्या वस्तू इकडच्या तिकडे सरकवून पाहिल्या. कपाटाजवळ उभी केली, तर तिच्याभोवती लाल रेघ उमटली, म्हणजे जागा चुकली. शेवटी ती पलंगाखाली सरकवली आणि रेघ गेली. मी माउसवरचा हात काढून घेतला. या दोघांचं टिकणार नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि खेळात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

हा खेळ म्हणजे ‘अनपॅकिंग’. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ‘विच बीम’ या स्टुडिओनं तो २०२१ मध्ये आणला. रेन ब्रायर आणि टिम डॉसन हे जोडपं एकत्र राहायला लागलं, तेव्हा सामान लावता लावता त्यांना तो सुचला. खेळायचं काय, तर खोकी उघडायची आणि वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. १९९७ ते २०१८ या काळात एका मुलीची आठ घरं आपण लावतो. तिचं नाव कळत नाही, ती वावरताना दिसत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती लाल रेघ. सगळी खोकी रिकामी झाली की चुकलेल्या वस्तूंभोवती ती दिसते. १९९७ च्या लहानपणच्या खोलीत, मग २००४ च्या वसतिगृहात ती फक्त टापटीप शिकवते. तवा पलंगावर नको, टूथब्रश न्हाणीघरात हवा. आपण निमूट शिकतो, कारण घर लावण्याची ही रीत आपल्या हातात आधीपासूनच असते. २०१० मध्ये प्रियकराच्या फ्लॅटवर आलो की नियम तोच राहतो, पण आता तो संसाराबद्दल बोलू लागतो. तिच्या कष्टाच्या पदवीला या घरात जागा नाही, हे सिनेमानं दाखवलं असतं तर मी हळहळले असते. इथं ती पलंगाखाली मी ढकलली. त्याआधी दहा ठिकाणी खटपट केली ती मीच. नातं कळलं ते या खटपटीतून.

२०१२ मध्ये ती आईवडिलांच्या घरी, त्याच जुन्या खोलीत परतते. खोक्यात त्या प्रियकराबरोबरचा फोटो असतो. तो नजरेसमोर ठेवू पाहिला की लाल रेघ. कपाटात दडवला की ठीक. भांडण, रडणं, फोन, काही दाखवलेलं नाही.

ऐकायलाही पुष्कळ आहे. कप लाकडावर टेकला की एक आवाज, फरशीवर टेकला की दुसरा. जेफ व्हॅन डाइक यांनी असे १४ हजारांहून अधिक आवाज यासाठी तयार केले. संवाद नसलेल्या या खेळाला २०२२ मध्ये कथनासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. योग्य मिळाला असं मी ठामपणे म्हणेन.

२०१५ मध्ये मात्र बाजू पालटते. आता घर तिचं आहे आणि जोडीदार म्हणून एक मुलगी तिथं राहायला येते. खोकी त्या मुलीची. कपाट उघडलं तर आपलेच कपडे भरलेले, हे घर आधी लावताना मीच हौसेनं पसरून लावलेले. प्रियकराच्या फ्लॅटमध्ये मी कुठे उभी होते ते आठवलं. मी आधी आपले कपडे एका बाजूला सरकवले, खालचा एक खण पूर्ण रिकामा केला, आणि मग तिचं पहिलं खोकं उघडलं.