परसातली भाजी आणि उसाचा पंप
(ऊस विकास विभागाकडून)



गळिताच्या धामधुमीत परसबागेवर लिहायला शेतकी खात्याला सवड कशी मिळाली, असे कोणी म्हणेल. पण पूर्वहंगामी लागणी पाहायला आम्ही वस्त्यांवर फिरतो, तेव्हा घरामागचे वाफेही नजरेस पडतात. दिवाळी सरली की मेथी, वांगी, टोमॅटो, कोबी, वाल सगळे एकदम तरारते आणि पाठोपाठ कीडही येते. मग कारभारी उसाचा पंप उचलतात. आमचे म्हणणे आहे ते या पंपाविषयी.

पूर्वहंगामी उसात सध्या तणनाशके मारणे चालू आहे. त्यातले २,४-डी हे रुंद पानांची तणे मारणारे औषध. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून तो तगतो. टोमॅटो, वांगी, वाल, भोपळा यांची गोष्ट वेगळी. पंप नुसता विसळून परसात नेला, तरी नळीत नि तळाशी राहिलेल्या अंशाने टोमॅटोची पाने आखडून दोरीसारखी होतात, शेंडा पिळवटतो. पुष्कळजण हा बोकड्या समजून वर आणखी एक औषध मारतात! तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. वारा असेल त्या दिवशी घराशेजारच्या फडात ते मारूच नका.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गोठ्याच्या कोनाड्यात अर्धी उरलेली बाटली असते, तीच भाजीवर जाते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. फोरेट तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशातच बंद झाले. तरी जुना डबा कुठेतरी निघतोच. मोनोक्रोटोफॉस आंतरप्रवाही आहे, म्हणजे ते पानाच्या आत शिरते. भाजी तीनदा धुतली तरी जात नाही. आणि परसातली मेथी सकाळी फवारली की संध्याकाळी कढईत पडते. पोरे तर वालाच्या वेलाखाली नि टोमॅटोच्या वाफ्यातच खेळतात, टोमॅटो तोडून तसाच खातात.

मग किडीचे करायचे काय? पहिले औषध म्हणजे निंबोळी. अर्धा किलो वाळलेली निंबोळी भरडून आदल्या रात्री चार-पाच लिटर पाण्यात भिजत घालावी. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून पाणी १० लिटर करावे, चमचाभर साबणचुरा घालून उन्हे कलल्यावर फवारावे. भर उन्हात त्याचा गुण जातो. अर्क त्याच दिवशी संपवावा.

वांग्याचा शेंडा मान टाकून वाळलेला दिसला, की आत अळी आहे असे समजा. वीतभर शेंडा कापून जाळा. कापून तिथेच बांधावर टाकला तर अळी जगते, पतंग होतो, नि पुढची पिढी फळांत शिरते. कोबीभोवती मोहरीची एक ओळ कोबीच्या आधी १५ दिवस टाकावी. मावा आणि चौकोनी ठिपक्याचा पतंग आधी मोहरीवर जातात, तिथेच त्यांना गाठता येते. टोमॅटोत झेंडू लावतात तो याच हिशेबाने, घाटे अळीसाठी.

वालावरच्या माव्यावर सकाळी दव असताना राख धुरळण्याची आजीबाईंची रीत चांगली आहे. गॅस आला तरी पाण्याचा बंब पुष्कळ घरी पेटतोच. मात्र आधी पान उलटून पाहावे. माव्यात लाल, ठिपकेवाले ढालकिडे फिरत असतील तर राखही टाकू नका, ते आपले गडी आहेत. २००२ साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा शेवटी डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटकच कामी आले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. भाजीतही हिशेब तोच.

भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक १० लिटरला २५ ग्रॅम पुरे.

राहिले उंदीर-घुशी. शेजारचा फड तुटला की त्यांचा आसरा जातो आणि त्या वस्तीकडे सरकतात. तोडीच्या आधीच परसातले पाचटाचे ढीग, फाटकी पोती, लाकडांच्या मोळ्या हलवा, बिळे बुजवा. बिळात किंवा मोळीखाली सरळ हात घालू नका, कारण उंदरामागे सापही येतो. झिंक फॉस्फाईडचे आमिष घराजवळ अजिबात ठेवायचे नाही, तिथे कोंबड्या नि लेकरे असतात. सुक्या बोंबलाचा तुकडा लावलेला पिंजरा बरा.