मनाचा ताप मोजायचा कसा?

बँकेत असताना अंबड-घनसावंगीकडची माणसं मुदतठेव मोडायला किंवा सोनं गहाण ठेवायला यायची. कारण विचारलं तर 'घरगुती अडचण'. पिशवीतून दवाखान्याची फाइल डोकावत असायची. आमच्या जालना जिल्ह्यात कॅन्सरचं नाव अजूनही पुष्कळ घरांत घेत नाहीत, 'तो आजार' म्हणतात. घरचे रुग्णापासून लपवतात. रुग्णाला सगळं ठाऊक असतं, पण तो घरच्यांसाठी अजाण राहतो. दोन्हीकडून हे ओझं वाहायचं!

भेटायला येणारे त्यात भर घालतात. "मन खंबीर ठेवा" हे वाक्य माझ्या वहिनींनी इतक्यांदा ऐकलं, की एकदा त्या म्हणाल्या, "भावजी, रडायचीसुद्धा चोरी झाली. उद्या आजार वाढला तर म्हणतील, हिनंच धीर सोडला." धीर सोडल्यानं कॅन्सर वाढतो, असं काही ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ताण मात्र झोप उडवतो, अन्न गोड लागू देत नाही, कधी उपचारही अर्धवट सोडायला लावतो. तेव्हा त्याची दखल घ्यायची ती एवढ्यासाठी.

न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून कॅन्सर-रुग्णांच्या मनाकडे पाहणारी शाखाच उभी केली. त्यातून पुढे एक साधं साधन आलं : कागदावर छापलेला तापमापक, ० ते १०. गेल्या आठवड्यात मनाला किती ताप झाला, तिथं खूण करायची. ४ किंवा वर गेला तर डॉक्टरांनी विचारपूस करायची. सोबतच्या यादीत मुलं, पैसा, झोप, श्रद्धा आणि चक्क प्रवासही आहे.

मी तो तापमापक कागदावर काढून दिला. वहिनींनी ५ वर खूण केली आणि पेन दादाकडे दिलं. त्यानं ८ वर केली. "परतीचं रिझर्व्हेशन," एवढंच म्हणाला. सांभाळणाऱ्याला कोण विचारतं?

प्रवासाचा भार थोडा हलका झाला आहे, हे खरं. २०१२ पासून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे साठेक किलोमीटरवर, सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला रुग्णालयाच्या दाखल्यावर स्लीपरचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. तरी परळच्या, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयासाठी रात्रीची देवगिरी गाठणारे आहेतच.

त्यांतले काही दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात. आम्हीही उतरलो होतो. तिथं कुणी कुणाला खंबीर राहा म्हणत नव्हतं. तोंड आल्यावर ताकभात जातो का, केस गेल्यावर रुमाल कसा बांधायचा, डॉक्टरांना काय विचारायचं ते आदल्या रात्री वहीत लिहून ठेवलं का, अशा गप्पा. वहिनी तिथं आजाराचं नाव घेऊन मोठ्यानं बोलायला लागल्या.