टर्बोचा आवाज ओळखायला शिकू या

जुनी वेगवान गाडी हौसेने सांभाळणारे आपल्या गोत्री परिसरातही भेटतात. अशी गाडी शिट्टी मारू लागली की 'टर्बो गेला' असे चटकन सांगितले जाते आणि मोठा खर्च समोर उभा राहतो. दर वेळी तसे नसते. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

उदाहरण स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसचे घेऊ. २००४ साली भारतात आलेली ही गाडी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यात जोडली जाई. तिचे १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचे होते.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरची दोन चाके. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक चाक फिरवतात. त्याबरोबर दुसरे फिरते आणि ताजी हवा दाबून इंजिनात ढकलते. वेग मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांपर्यंत जातो, आणि दांड्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा!

आता आवाज ऐका.

१. जोर देताना 'सूंऽ' आणि गाडीची ओढ कमी : बहुधा रबरी पाइप चिरलेला किंवा क्लॅम्प सैल. इंजिन थंड असताना पाइप हाताने चाचपून पाहावेत.

२. पाय काढताच फडफड, पुन्हा दाबल्यावर ओढ उशिरा : दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटला असावा. हलकेसे 'फुस्स' मात्र स्वाभाविक आहे.

३. जागेवर उभी असताना खडखड : वेस्टगेटचा दांडा झिजलेला किंवा उष्णतारोधक पत्रा सैल.

४. वेगाबरोबर चढत जाणारा भोंग्यासारखा आवाज, सोबत निळसर धूर : बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. गाडी चालवू नये. दांडा तुटल्यास तेल व धातूचे तुकडे इंजिनापर्यंत जाऊ शकतात.

चौथ्या प्रकारात इंजिन बंद व थंड असताना मेकॅनिककडून हवेचा पाइप काढून घ्यावा. दांडा आडवा किंचित हलला तर चालते. पुढे-मागे हलणे जाणवले किंवा पाते कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरोखर गेला.

पण तेवढ्यावर थांबू नये. या इंजिनात जुने तेल घट्ट होऊन चेंबरमधली जाळी आणि टर्बोची तेलनळी तुंबते. ती साफ न करता नवा टर्बो बसवला, तर तोही तेलावाचून झिजेल.

म्हणून योग्य प्रतीचे तेल वेळेवर बदलावे. अहमदाबाद–वडोदरा एक्स्प्रेसवेवरून भरधाव आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे.

मुलांनो, डॉक्टर आधी विचारतात, 'कधी दुखते? कुठे दुखते?' गाडीलाही हेच विचारावे. आवाज कधी येतो, हे वहीत टिपून मगच गॅरेज गाठावे. किरकोळ क्लॅम्पसाठी टर्बो बदलण्याची पाळी येणार नाही.