बलकाचा बोलबाला, व्हायरसचा बट्ट्याबोळ!

माहीत आहे का, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चक्क बदकाच्या आकाराचं दुकान आहे? 1931 मध्ये एका बदकपालकाने हे सिमेंटचं धूड उभं केलं आणि त्याच्या पोटातून बदकं नि अंडी विकली. डोळे कशाचे? फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या टेललाइट्सचे! स्वॅगच वेगळा!

1949 मध्ये मात्र याच बेटावर बदकवाल्यांची झोप उडाली. पांढऱ्याशुभ्र पेकिन बदकांची पिल्लं पटापट मरायला लागली. अंदाजे साडेसात लाख! लेव्हिन आणि फॅब्रिकंट या संशोधकांनी गुन्हेगाराला कोंबडीच्या अंड्यात वाढवून पकडलं: डक व्हायरल हिपॅटायटिसचा व्हायरस. हा पठ्ठ्या थेट काळजाला हात घालतो. म्हणजे, लिव्हरला!

स्पीड बघा. लक्षणं दिसली की तासाभरात पिल्लाचा खेळ खल्लास होऊ शकतो. आठवड्याच्या आतल्या पिल्लांमध्ये मृत्युदर 95 टक्क्यांपर्यंत जातो आणि तीन-चार दिवसांत सगळं आटोपतं.

शेवटची पोझही ठरलेली. मान पाठीकडे ताणलेली, पाय पॅडल मारल्यासारखे हलताहेत. ती बघूनच डॉक्टरांना संशय येतो. (वाचताना मजा वाटते, बघताना अजिबात नाही.)

आणि माहीत आहे का, या व्हायरसला वयाची अट आहे! पाच-सहा आठवडे ओलांडले की पिल्लू बहुतेक सेफ. मोठ्या बदकिणीला लागण झाली तरी ती ढिम्म. अंडी घालणं चालूच.

खानदान? पोलिओ, साधी सर्दी आणि माणसाचा हिपॅटायटिस ए यांच्याच कुळातला. पण घाबरू नका, माणसाला हा होत नाही. उंदीर मात्र त्याला लपवून ठेवतात, असा दाट संशय आहे. फार्मवर उंदीर दिसला की मालकाचं काळीज धडधडतं ते उगाच नाही.

आता खरा हीरो: अंड्यातला पिवळा बलक! लस पिल्लालाही देता येते, पण अनेकदा ती आईलाच टोचतात. तिच्या अँटिबॉडीज बलकात उतरतात आणि पिल्लू कवच फोडण्याआधीच सुरक्षाकवच घालून तयार. आईला लस दिली नसेल तर? प्लॅन बी आहे ना! कोंबड्यांना मुद्दाम हा व्हायरस टोचायचा, त्यांच्या अंड्यांच्या बलकातून अँटिबॉडीज काढायच्या आणि पिल्लांना इंजेक्शन द्यायचं. कोंबडीच्या जिवावर बदक जगलं! आमच्या मते पोल्ट्रीतला हा सगळ्यात भारी जुगाड.

गंमत अजून आहे. पूर्वी या रोगाचे टाइप वन, टू, थ्री असे तीन भाऊ मानायचे. पुढे कळलं की टू आणि थ्री भलत्याच घरातले, अॅस्ट्रोव्हायरस! सीरियलमध्येही एवढे ट्विस्ट नसतात.

जाता जाता बोनस. बदकांना हिपॅटायटिस बीचाही एक वेगळा व्हायरस असतो, माहीत आहे का? तो 1980 मध्ये पेकिन बदकांत सापडला. दोनच वर्षांत त्याची चलाखी उघड झाली: डीएनएवरून आरएनए आणि मग यू-टर्न मारून पुन्हा डीएनए! माणसाचा हिपॅटायटिस बीसुद्धा हाच यू-टर्न मारतो आणि त्यावरच्या आजच्या कितीतरी गोळ्या नेमक्या याच वळणावर नाकाबंदी करतात.